जुन्या हार्ड डिस्कला नवं काम

घरातला संगणक मोडीत निघतो तेव्हा त्याची हार्ड डिस्क बहुतेक वेळा चांगली असते. मदरबोर्ड जळतो, एसएमपीएस जातो, लॅपटॉपचा स्क्रीन फुटतो, किंवा सगळं ठीक असूनही मशीन नव्या विंडोजला पुरेनासं होतं. मशीन भंगारात जातं आणि आतली डिस्क ‘त्यात फोटो आहेत’ म्हणून कपाटात राहते. काही वर्षांत अशा तीन-चार डिस्क जमतात. जुन्या डेस्कटॉपची ५०० जीबी, लॅपटॉपला एसएसडी बसवताना काढलेली १ टीबी, सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमधून निघालेली आणखी एक. आणि त्याच घरात मोबाइल ‘जागा संपली’ म्हणून रोज कुरकुरत असतात, ऑनलाइन साठवणीचं मासिक भाडं सुरू असतं.

यावर अनेकांनी काढलेला तोडगा म्हणजे घरचा सर्व्हर. घरातल्या वायफायला जोडलेला एक संगणक, ज्याच्या डिस्कवर सगळ्यांनी आपापले फोटो, कागदपत्रं, गाणी, व्हिडिओ ठेवायचे. बाजारात यासाठी तयार पेट्या मिळतात, त्यांना एनएएस म्हणतात. पण दहा वर्षांपूर्वीचा डेस्कटॉपही हे काम नीट करतो. ओपनमीडियाव्हॉल्ट किंवा ट्रूनॅससारखी मोफत प्रणाली त्यावर टाकली, की बाकी व्यवहार ब्राउझरमधून चालतो. मग साहजिकच प्रश्न येतो की कपाटातल्या डिस्क या सर्व्हरला जोडल्या तर चालतील का?

चालतील. मात्र जुनी डिस्क कधी दगा देईल याचा नेम नसतो, त्यामुळे एकट्या डिस्कवर विसंबून काही ठेवायचं नाही. विसंबायचं ते मांडणीवर. कोणत्या डिस्कला कोणतं काम द्यायचं आणि ती गेली तर काय उरेल, हे आधी ठरवलं तर जुन्या डिस्कची उरलेली वर्षं फार उपयोगी ठरतात. ते कसं ठरवायचं, ते या प्रकरणात पाहू.

आत काय झिजतं

पहिली हार्ड डिस्क आयबीएमनं १९५६ मध्ये बाजारात आणली. रॅमॅक ३०५ या संगणकाच्या त्या साठवण विभागात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्या सगळ्यांवर मिळून ५० लाख अक्षरं मावत. आज मोबाइलनं काढलेला एखादा फोटो तेवढी जागा घेतो. मूळ तत्त्व मात्र तेच राहिलं आहे. चुंबकीय लेप दिलेली तबकडी फिरते, तिच्यावरून एक हेड आत-बाहेर सरकतं आणि लेपातल्या बारीक ठिकाणांची चुंबकीय दिशा बदलतं किंवा वाचतं.

डेस्कटॉपमधली साडेतीन इंची डिस्क मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते. ७,२०० म्हणजे सेकंदाला १२० फेरे, आणि तबकडीच्या कडेचा वेग ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. एवढ्या वेगानं फिरणाऱ्या पृष्ठभागावरून हेड जेमतेम काही नॅनोमीटर उंचीवर तरंगतं. माणसाचा केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो, यावरून त्या अंतराची कल्पना यावी. डिस्क बंद होताना हेड तबकडीवरून बाजूला काढून ठेवलं जातं. अशा उचल-ठेवीलाही मर्यादा असते. उत्पादक ती लाखांमध्ये सांगतात, पण असते.

म्हणजे डिस्क तीन प्रकारे म्हातारी होते. चालून चालून बेअरिंग आणि मोटर थकतात. पुन्हा पुन्हा सुरू-बंद झाल्यानं हेडची यंत्रणा झिजते. आणि नुसती पडून राहिली तरी दमट हवा आपलं काम करते. हेलियम भरलेल्या मोठ्या डिस्क २०१३ पासून आल्या, त्या पूर्ण बंद असतात. बाकीच्या डिस्कला हवेसाठी एक बारीक छिद्र असतं, त्यामागे गाळणी असते आणि बाहेर ‘हे झाकू नका’ अशी सूचना. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या चार पावसाळ्यांत कपाटात उघडी राहिलेली डिस्क हातात घेतली, तर सर्किट बोर्डवरचे धातूचे संपर्क काळवंडलेले दिसू शकतात. त्यामुळे ‘वापरलीच नाही, म्हणजे नवीच आहे’ हा हिशेब डिस्कला लागू पडत नाही.

डिस्कची स्वतःची नोंदवही

सुदैवानं प्रत्येक डिस्क आपल्या प्रकृतीची नोंद ठेवत असते. १९९० च्या दशकात रुजलेल्या या पद्धतीला स्मार्ट म्हणतात. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो आणि लिनक्सवर स्मार्टसीटीएल या मोफत साधनांनी ती नोंदवही उघडता येते. आकड्यांची यादी लांबलचक असते, पण आपल्याला त्यातल्या मोजक्या ओळी पुरतात.

पहिली, नवव्या क्रमांकाची ओळ, म्हणजे डिस्क एकूण किती तास चालू होती. रोज सहा तास वापरलेल्या घरच्या संगणकाची दहा वर्षांची डिस्क सुमारे २१,९०० तास दाखवेल. चारच वर्षं डीव्हीआरमध्ये अहोरात्र फिरलेली डिस्क ३५,००० तासांवर असेल. त्यामुळे वरच्या स्टिकरवरची तारीख पाहून वय ठरवू नये, तास पाहावेत.

दुसरी ओळ पाचव्या क्रमांकाची. तबकडीवरची एखादी जागा खराब झाली की डिस्क राखीव साठ्यातली जागा तिच्याऐवजी वापरते, अशा बदललेल्या जागांचा हा आकडा. १९७ ही ओळ त्याहून बोलकी आहे. तिथे वाचायला अडचण आलेल्या, पण निर्णय न झालेल्या जागा मोजल्या जातात. १९८ मध्ये डिस्कला अजिबात न वाचता आलेल्या जागा येतात. आणि १९९ ची ओळ डिस्कची नसून केबलची असते. डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यातल्या देवाणघेवाणीत झालेल्या चुका तिथे जमा होतात.

समजा, १ टीबीच्या एका डिस्कची नोंदवही अशी आहे: तास २१,९००, पाचव्या ओळीत शून्य, १९७ मध्ये ८, १९९ मध्ये ३१२. पाहणारा आधी ३१२ ला घाबरेल. पण ती बहुधा सैल किंवा जुनी साटा केबल आहे. केबल बदलल्यावर ३१२ हा आकडा पुसला जात नाही, तो पुढे वाढत नाही ना एवढंच पाहायचं. खरं लक्ष ८ वर हवं. गेल्या दीडेक दशकातल्या बहुतेक डिस्कमध्ये प्रत्यक्ष जागा ४,०९६ बाइटची असते आणि संगणकाला ती ५१२ बाइटच्या आठ जागा म्हणून दिसते. म्हणजे इथे खराब झालेली जागा बहुधा एकच आहे. तिच्यावर पुन्हा लिहिलं की निकाल लागतो. लेखन टिकलं तर १९७ चा आकडा शून्यावर येतो आणि पाचव्या ओळीत काही वाढत नाही. टिकलं नाही तर राखीव जागा कामाला लागते आणि पाचव्या ओळीत भर पडते. एखादी अशी जागा सापडणं म्हणजे लगेच शेवट नव्हे. आकडा आठवड्यागणिक वाढत असेल तर मात्र ती डिस्क सर्व्हरमध्ये नको.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. सीगेटच्या डिस्कमध्ये पहिल्या आणि सातव्या ओळीत कोट्यवधींचे आकडे दिसतात. त्यात चुकांबरोबर एकूण कामाची संख्याही मिसळलेली असते, त्यामुळे ते पाहून चांगली डिस्क भंगारात काढू नये.

नोंदवही सगळं सांगत नाही

गूगलच्या एदुआर्दो पिन्हेरो, वुल्फ-डिट्रिख वेबर आणि लुईझ आंद्रे बारोझो यांनी २००७ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांच्या संगणक केंद्रांमधल्या एक लाखाहून अधिक डिस्कचा तो अभ्यास होता. स्वतःच्या तपासणीत वाचनाची पहिली चूक सापडल्यानंतरच्या ६० दिवसांत डिस्क बंद पडण्याची शक्यता, अशी चूक नसलेल्या डिस्कच्या तुलनेत ३९ पट असते, असं त्यांना आढळलं. म्हणजे नोंदवहीतला इशारा खरा असतो. पण त्याच अभ्यासात बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी स्मार्टच्या चार महत्त्वाच्या ओळींमध्ये एकही इशारा दिलेला नव्हता.

बॅकब्लेझ ही ऑनलाइन साठवण पुरवणारी अमेरिकी कंपनी २०१३ पासून आपल्या डिस्कची आकडेवारी खुली करते. २०१६ मध्ये तिनं सांगितलं की, बंद पडलेल्या डिस्कपैकी ७६.७ टक्के डिस्कमध्ये पाच ठरावीक ओळींपैकी निदान एक शून्याच्या वर होती, आणि धडधाकट डिस्कमध्ये हे प्रमाण ४.२ टक्के होतं. दोन्ही अभ्यासांचं तात्पर्य एकच निघतं. आकडे वाईट असतील तर डिस्क वापरू नका. आकडे चांगले असतील तरी निश्चिंत राहू नका, कारण बंद पडणाऱ्या चार डिस्कपैकी साधारण एक तरी न सांगता जाते.

म्हणून जुन्या डिस्कला कामावर घेण्याआधी तिची पूर्ण परीक्षा घ्यायची. त्यात डिस्कवरचं सगळं पुसलं जातं, म्हणून पहिलं काम म्हणजे तिच्यातले फोटो, फाइली दुसरीकडे उतरवणं. डिस्क अडखळत असेल तर फोल्डर ओढून कॉपी करत बसू नये. जीएनयू डीडीरेस्क्यू हे साधन आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं आणि अवघड जागांकडे शेवटी वळतं, त्यामुळे मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर कमीत कमी ताण येतो.

मग लिनक्समधल्या बॅडब्लॉक्स या आज्ञेनं पूर्ण डिस्कवर चार वेगवेगळे नमुने लिहायचे आणि दर वेळी परत वाचून पडताळायचे. सेकंदाला १०० एमबी वेग धरला तर १ टीबीची एक फेरी पावणेतीन तासांची होते. चार वेळा लेखन आणि चार वेळा वाचन म्हणजे बावीस-तेवीस तास. संध्याकाळी सुरू केलेली परीक्षा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संपते. तिच्यानंतर स्मार्टची दीर्घ चाचणी, आणि मग नोंदवही पुन्हा उघडून ५, १९७ आणि १९८ या ओळींची आधीच्या आकड्यांशी तुलना. फरक नसेल तर डिस्क पास. परीक्षेच्या वेळी डिस्कवर पंख्याचा वारा राहील असं पाहावं, कारण सलग चोवीस तासांचं काम घरच्या संगणकातल्या डिस्कनं आयुष्यात कधी केलेलं नसतं.

१९८८ चा विचार

स्वस्त आणि बेभरवशाच्या डिस्कमधून भरवशाची साठवण उभी करायची, ही कल्पना काटकसरी गृहस्थांची नाही. ती कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतून आली. डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या निबंधाचा विषयच स्वस्त डिस्कची फळी हा होता. त्या काळी मोठ्या संगणकांना एकेक अवाढव्य, महागडी डिस्क लागे. वैयक्तिक संगणकांमुळे छोट्या डिस्क स्वस्त झाल्या होत्या. मग महागड्या डिस्कच्या जागी छोट्या डिस्कचा जथा का लावू नये, असा त्यांचा प्रश्न होता.

अडचण त्यांनीच आकड्यांत मांडली. एक डिस्क सरासरी ३०,००० तास चालत असेल, तर १०० डिस्कच्या फळीत कुठली तरी एक डिस्क सरासरी ३०० तासांत जाणार. म्हणजे दोन आठवडेही नाहीत. घरच्या मापानं हाच हिशेब करून पाहू. समजा, आपल्या चार जुन्या डिस्कपैकी प्रत्येकीची वर्षभरात जाण्याची शक्यता १० टक्के आहे. चारही टिकण्याची शक्यता ०.९ चा चौथा घात, म्हणजे सुमारे ६६ टक्के. वर्षात निदान एक तरी जाण्याची शक्यता ३४ टक्के. या चौघींना नुसतं जोडून एकच मोठी डिस्क केली आणि प्रत्येक फाइलचे तुकडे चौघींवर पसरले, तर एक गेली की सगळंच जातं. जुन्या डिस्क जोडताना होणारी सर्वांत महाग चूक हीच.

बर्कलीच्या तिघांनी सुचवलेल्या उपायांत पॅरिटी हा सर्वांत देखणा आहे. जिन्यातल्या दिव्याला खाली एक आणि वर एक बटण असतं. कुठलंही एक बटण दाबलं की दिव्याची स्थिती पालटते. दिवा लागलेला आहे की नाही आणि एक बटण कुठल्या बाजूला आहे हे कळलं, तर दुसरं बटण न पाहताही त्याची स्थिती सांगता येते. पॅरिटी हेच करते. तीन डिस्कवर एकाच ठिकाणी १, ०, १ हे अंक असतील तर चौथ्या डिस्कवर असा अंक लिहायचा की एकांची एकूण संख्या सम व्हावी. इथे एक दोनदा आला आहे, म्हणून चौथा अंक ०. आता दुसरी डिस्क गेली. उरले १, १ आणि पॅरिटीचा ०. संख्या आधीच सम आहे, म्हणजे हरवलेला अंक ० होता. डिस्कवरच्या अब्जावधी अंकांसाठी हीच बेरीज होते आणि गेलेली डिस्क नव्या डिस्कवर जशीच्या तशी उभी राहते. तीन डिस्कच्या रक्षणाला एकच जादा डिस्क पुरते, हे या गणिताचं वैभव.

विजोड डिस्कची जोडणी

बर्कलीच्या निबंधातल्या डिस्कच्या फळीला रेड म्हणतात. प्रचलित रेड पद्धतींमध्ये सगळ्या डिस्क सारख्या मापाच्या असाव्यात अशी अपेक्षा असते. कपाटातून निघालेल्या डिस्क तशा कधीच नसतात. समजा, आपल्याकडे २ टीबी, १ टीबी, १ टीबी आणि ५०० जीबी अशा चार डिस्क आहेत. पॅरिटी वापरणाऱ्या रेड-५ मध्ये सगळ्यांत लहान डिस्कचं माप सगळ्यांना लागू होतं. प्रत्येकीचे ५०० जीबीच वापरले जातात, त्यातली एका डिस्कएवढी जागा पॅरिटीला जाते आणि साडेचार टीबीतून हातात दीड टीबी उरतो.

अशा घरांसाठी स्नॅपरेड ही मोफत प्रणाली फार उपयोगी आहे. तिची अट एकच: पॅरिटीची डिस्क बाकीच्यांपैकी सगळ्यांत मोठ्या डिस्कएवढी किंवा तिच्याहून मोठी हवी. २ टीबीची डिस्क पॅरिटीला दिली की उरलेल्या तिघींची पूर्ण जागा, म्हणजे अडीच टीबी, आपल्याला मिळते. त्याच डिस्क, पण टीबीभर जागा जास्त. जोडीला मर्जरएफएस ही प्रणाली लावली की तीन डिस्क एका फोल्डरसारख्या दिसतात. नवी डिस्क मिळाली की त्याच फोल्डरमध्ये सामील करायची, आधीचं काही हलवावं लागत नाही. अनरेड ही विकत मिळणारी प्रणालीही याच विचारावर चालते आणि वापरायला सोपी आहे.

जुन्या डिस्कच्या दृष्टीनं या मांडणीचे दोन मोठे फायदे आहेत. एक, प्रत्येक फाइल अखंडपणे एकाच डिस्कवर असते. पॅरिटी तोकडी पडेल इतक्या डिस्क एकदम गेल्या, तरी वाचलेल्या डिस्कवरच्या फाइली शाबूत राहतात आणि ती डिस्क काढून कुठल्याही लिनक्स संगणकावर वाचता येते. दोन, एखादा चित्रपट पाहायचा तर ज्या डिस्कवर तो आहे तेवढीच फिरते, बाकीच्या झोपलेल्या राहतात.

तोटाही समजून घ्यावा. स्नॅपरेडची पॅरिटी त्या क्षणी लिहिली जात नाही, ठरलेल्या वेळी, बहुधा रात्री, हिशेब जुळवला जातो. संध्याकाळी आलेले फोटो रात्रीपर्यंत असुरक्षित असतात. दिवसभर बदलणाऱ्या हिशेबाच्या फाइलींसाठी ही पद्धत योग्य नाही. वर्षानुवर्षं तसेच राहणारे फोटो, व्हिडिओ, गाणी, स्कॅन केलेली कागदपत्रं यांच्यासाठी उत्तम.

तारा, वीज आणि उष्णता

जोडणी करताना बारीक गोष्टी आडव्या येतात. चपट्या रुंद पट्टीची केबल लागणाऱ्या आयडीई डिस्क सर्व्हरला लावण्यात आता अर्थ नाही. त्यातला मजकूर उतरवावा आणि त्यांना निरोप द्यावा. डिस्कवरची जुनी एमबीआर विभागणी सुमारे २ टीबीपर्यंतचीच जागा ओळखते. त्याहून मोठ्या डिस्कला जीपीटी विभागणी हवी. यूएसबी केसिंगमधून डिस्क जोडता येते, पण स्वस्त केसिंग मध्येच संपर्क तोडतं आणि काही केसिंगमधून स्मार्टची नोंदवही वाचताच येत नाही. कायमच्या जोडणीला मदरबोर्डवरची साटा पोर्ट बरी. ती संपली तर साटा पोर्टचं जादा कार्ड.

एसएमपीएसकडे मात्र दुर्लक्ष नको. साडेतीन इंची डिस्क फिरत असताना ६ ते ८ वॉट घेते, पण सुरू होताना काही सेकंद तिला वीस-पंचवीस वॉट लागतात. सहा डिस्क एकदम सुरू झाल्या तर दीडशे वॉटचा झटका बसतो, आणि दहा वर्षं वापरलेल्या स्वस्त एसएमपीएसला तो झेपेलच असं नाही. चार पिनच्या मोलेक्स जोडातून साटा वीज काढणारे ओतीव प्लास्टिकचे स्वस्त ॲडॅप्टर टाळावेत. त्यात आतल्या तारा एकमेकींना चिकटून आग लागल्याची उदाहरणं आहेत. वीज जाण्याची सवय असलेल्या गावांत सर्व्हरला यूपीएस हवाच. लेखन चालू असताना वीज गेली की फाइलींची नोंद अर्धवट राहते, आणि जुन्या डिस्कला दिवसातून चार वेळा असं अचानक थांबवणं तिचं आयुष्य घटवतं.

आता विजेच्या बिलाचा हिशेब, जो अनेक जण करायचा विसरतात. ६ वॉटची डिस्क वर्षभर अखंड चालली तर साडेबावन्न युनिट होतात. ५०० जीबीच्या चार डिस्क वर्षाला २१० युनिट घेतील. युनिटला १० रुपये धरले तर २,१०० रुपये, तीन वर्षांत ६,३०० रुपये. तेवढीच जागा देणारी २ टीबीची एकच डिस्क याच्या चौथ्या हिश्शात भागवते. लॅपटॉपमधली अडीच इंची डिस्क निवांत असताना एखादाच वॉट घेते, त्यामुळे ती अहोरात्र ठेवायला परवडते. आणि जुना डेस्कटॉप स्वतःच ५० वॉट खात असेल, तर त्याचेच वर्षाला ४३८ युनिट होतात. म्हणून पॅरिटीचा हिशेब जुळवून झाला की सर्व्हर रात्री आपोआप बंद होईल आणि वीस मिनिटं कामाविना राहिलेली डिस्क झोपी जाईल, अशी व्यवस्था पहिल्याच दिवशी करावी.

या हिशेबातून एक सरळ नियम निघतो. १ टीबीहून लहान साडेतीन इंची डिस्क सर्व्हरमध्ये कायमची चालू ठेवणं तोट्याचं आहे. पण तिला दुसरं, जास्त महत्त्वाचं काम देता येतं.

बंद डिस्कची किंमत

पॅरिटी डिस्क जाण्यापासून वाचवते. चुकून पुसलेल्या फोल्डरपासून, फाइली कुलूपबंद करणाऱ्या व्हायरसपासून, चोरीपासून किंवा पुरापासून ती वाचवत नाही. २६ जुलै २००५ ला मुंबईत, २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ मध्ये चिपळूणला पाणी घरात शिरलं, तेव्हा एका टेबलावरच्या दोन डिस्कची अवस्था वेगवेगळी कशी असणार? म्हणून साठवणीच्या जगात एक सूत्र पाळलं जातं. प्रत्येक मोलाच्या गोष्टीच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी.

लहान, जुन्या डिस्कची जागा नेमकी इथे आहे. वर्षातून दोन-चार वेळा जोडायची, सर्व्हरवरचे फोटो आणि कागदपत्रं तिच्यावर उतरवायची, पडताळायची आणि काढून ठेवायची. ती बंद असल्यानं वीज खात नाही, फिरून झिजत नाही आणि व्हायरसला सापडत नाही. घरातल्या खरोखर मोलाच्या गोष्टींना फार जागा लागत नाही. आजोबांचा आवाज, मुलांचे फोटो, सातबारा आणि घराच्या कागदांचे स्कॅन हे सगळं बहुतेक घरांत ५०० जीबीत मावतं. पुण्या-मुंबईत राहणाऱ्या माणसानं अशी एक डिस्क गावच्या घरी ठेवावी, दिवाळीला जाताना ताजी प्रत न्यावी आणि जुनी परत आणावी. ती घट्ट झाकणाच्या डब्यात, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी. डिस्कवर तारीख, तास आणि आत काय आहे याची चिठ्ठी चिकटवावी, छिद्र मोकळं सोडून. वर्षातून एकदा तरी तिच्यावरच्या पाच-पन्नास फाइली उघडून पाहाव्यात. परत वाचून न पाहिलेली प्रत ही प्रत आहे की नाही, हे कुणीच सांगू शकत नाही.

घेताना आणि देताना

डिस्क कमी पडल्या की माणूस मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन वापरलेल्या डिस्क शोधू लागतो. त्यात गैर काही नाही, फक्त नोंदवहीवर डोळे झाकून विश्वास नको. २०२५ च्या सुरुवातीला युरोपात सीगेटच्या वापरलेल्या डिस्क विक्रेत्यांच्या साखळीत कुठे तरी स्मार्टचे तास शून्य करून नव्या म्हणून विकल्या गेल्याचं उघड झालं. सीगेटच्या डिस्क फार्म नावाची आणखी एक अंतर्गत नोंद ठेवतात, तिथे खरे तास सापडले. स्मार्टसीटीएलच्या नव्या आवृत्तीत ही नोंद वाचता येते. डिस्क घेतल्यावर परतीची मुदत संपायच्या आत वर सांगितलेली पूर्ण परीक्षा उरकावी.

आपली डिस्क कुणाला देताना जबाबदारी आणखी मोठी असते. एमआयटीतले सिमसन गारफिंकेल आणि अभी शेलाट यांनी २००० ते २००२ या काळात बाजारातून १५८ वापरलेल्या डिस्क विकत घेतल्या. त्यातल्या १२९ चालू निघाल्या आणि नीट पुसलेल्या फक्त १२. बाकीच्यांमध्ये हजारो क्रेडिट कार्डांचे क्रमांक होते, वैद्यकीय माहिती होती, आणि एक डिस्क तर एटीएममध्ये वापरलेली दिसत होती. झटपट फॉरमॅट मारल्यानं फक्त फाइलींची यादी जाते, मजकूर तिथेच राहतो. आजच्या हार्ड डिस्कवर पूर्ण जागेवर एकदा शून्यं लिहिली तरी सामान्य घराला ते पुरेसं आहे. बॅडब्लॉक्सची परीक्षा केली असेल तर हे काम आपोआप झालेलं असतं. पण जी डिस्क चालतच नाही, तिच्यावर काही लिहिता येत नाही आणि मजकूर तर आत आहेच. तिचं झाकण उघडून तबकड्या निकामी कराव्यात. लॅपटॉपच्या डिस्कमध्ये तबकड्या बहुधा काचेच्या असतात, म्हणून ते करताना डोळ्यांवर चष्मा आणि हातात मोजे हवेत.

मग ती नोंदणीकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावी. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी उत्पादकांवर पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी टाकली आहे. डिस्कच्या आवरणातलं ॲल्युमिनियम आणि हेड हलवणारी निओडिमियमची चुंबकं खाणीतून पुन्हा काढण्यापेक्षा जुन्या डिस्कमधून काढणं केव्हाही शहाणपणाचं.

जी डिस्क परीक्षेत टिकली आहे तिला मात्र इतक्यात भंगारात धाडू नये. एक नवी डिस्क तयार होताना जेवढा धातू, वीज आणि कौशल्य लागतं ते सगळं तिच्यात आधीच खर्च झालेलं आहे. चांगल्या आकड्यांची मोठी डिस्क सर्व्हरमध्ये पॅरिटीच्या छत्राखाली, लहान डिस्क गावच्या घरी बंद प्रत म्हणून, आणि वाढत्या आकड्यांची डिस्क मजकूर उतरवून ई-कचऱ्यात, एवढी विभागणी केली की पुरे. मग कुठली डिस्क कधी गेली याला महत्त्व उरत नाही, कारण तिच्यावर असलेली प्रत्येक गोष्ट आणखी दोन ठिकाणी शाबूत असते.